खासगीपणाच्या कसोटीवर ब्राउझर: कोणता निवडावा आणि का

ब्राउझर निवडताना वेग, सोय आणि रूप यांचा विचार सगळेच करतात. तो फुकट मिळतो तर त्याच्या निर्मात्याचा खर्च कोण भागवतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. वास्तविक संगणकावरच्या दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला आपल्याबद्दल एवढी माहिती नसते. कोणत्या आजाराची लक्षणे शोधली, नोकरीची कोणती जाहिरात पुन्हा पुन्हा उघडून पाहिली, कर्जाच्या हप्त्याचे गणित किती वेळा मांडले, हे सारे ब्राउझरच्या नजरेसमोर घडत असते. म्हणून सध्या प्रचलित असलेल्या ब्राउझरांकडे या परीक्षणात मी फक्त खासगीपणाच्या बाजूने पाहिले आहे आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न लावले आहेत: सेटिंगला हात न लावता तो काय अडवतो, स्वतःच्या मालकाला काय कळवतो, आणि त्या मालकाचे उत्पन्न कुठून येते. तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुढच्या आवृत्तीत बदलू शकतात आणि ती कोणत्या दिशेने बदलतील हे बहुधा तिसऱ्यावरूनच ठरते.

त्याआधी खासगीपणा कोणापासून हवा आहे, हे ठरवावे लागते. एकाच संगणकावर बसणाऱ्या घरातल्या माणसापासून शोधांचा इतिहास लपवायचा असेल तर कोणत्याही ब्राउझरची खासगी खिडकी पुरेशी आहे, कारण ती बंद करताच इतिहास आणि कुकी (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) पुसल्या जातात. मात्र ती खिडकी संकेतस्थळांपासून किंवा इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीपासून काहीही लपवत नाही. क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीबद्दल हा गैरसमज इतका पसरलेला होता की २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर सामूहिक दावा दाखल झाला. २०२४ मध्ये समोर आलेल्या तडजोडीनुसार गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि त्या खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले. जोडणी देणाऱ्या कंपनीला एचटीटीपीएस या सांकेतिक जोडणीमुळे पानाचा मजकूर दिसत नसला तरी आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे बहुधा कळते, आणि ते झाकायचे तर नुसता ब्राउझर बदलून भागत नाही. त्यासाठी टॉर (वाहतूक अनेक टप्प्यांतून फिरवणारे जाळे) किंवा व्हीपीएन (वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) लागते. त्यातही व्हीपीएन घेतले म्हणजे जोडणी देणाऱ्या कंपनीवरचा विश्वास काढून तो व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीवर ठेवला, एवढेच होते. उरतो तो सर्वांत मोठा गट, म्हणजे एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर आपला माग काढत येणाऱ्या जाहिरात कंपन्या. ब्राउझरच्या निवडीने खरा फरक पडतो तो इथे.

या पाठलागाचे सर्वांत जुने साधन म्हणजे कुकी. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये ती तयार केली, तेव्हा हेतू साधा होता: खरेदीसाठी निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावरही लक्षात राहावी. अडचण सुरू झाली ती त्रयस्थ कुकीपासून. आपण बातमीचे पान उघडतो, त्या पानात जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून आलेला एक तुकडा असतो, आणि तो स्वतःची कुकी ठेवून जातो. पुढे औषधांच्या, पुस्तकांच्या आणि प्रवासाच्या संकेतस्थळांवर त्याच कंपनीचे तुकडे असले की तीच कुकी पुन्हा वाचली जाते आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या भेटी एकाच क्रमांकाच्या खात्यावर जमा होत राहतात. दुसरे साधन दुव्यांमध्येच दडलेले असते. फेसबुकवरच्या दुव्यावरून एखादे पान उघडले की ॲड्रेस बारमधल्या पत्त्याच्या शेवटी, प्रश्नचिन्हानंतर, ‘एफबीसीएलआयडी’ ही अक्षरे आणि त्यापुढे अगम्य अक्षरांची लांबलचक माळ दिसते. पान उघडण्यासाठी तिची काहीही गरज नसते. ती खोडून एंटर दाबले तरी तेच पान उघडते. ती असते फक्त कोण कुठून आले याची नोंद जुळवण्यासाठी.

तिसरे साधन सर्वांत चिवट आहे. कुकी पुसता येते, पण पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषा, घड्याळाचा प्रदेश, ग्राफिक्स कार्ड एखादे अदृश्य चित्र नेमके कसे रंगवते, हे सगळे गुण पुसण्याजोगे नसतात. सुटे सुटे पाहिले तर ते निरुपद्रवी वाटतात. एकत्र केले की त्यांतून ओळख तयार होते, आणि तिलाच फिंगरप्रिंटिंग म्हणतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पॅनोप्टिक्लिक या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर केवळ अशा गुणांवरून त्या नमुन्यात एकमेव ठरले होते. प्रयोगाला आलेली मंडळी सर्वसाधारण वाचकांपेक्षा तंत्रज्ञानाकडे अधिक कल असलेली असणार, हे धरूनही हा आकडा लहान नाही. त्याच संस्थेची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही चाचणी आज कोणालाही स्वतःच्या ब्राउझरवर करून पाहता येते, आणि नवा ब्राउझर बसवल्यावर सर्वांत आधी तीच करावी असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष ब्राउझरांकडे वळू. क्रोमबद्दल बोलताना सुरक्षितता आणि खासगीपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर अन्याय होतो. सुरक्षिततेत क्रोम उत्कृष्ट आहे: त्रुटी लवकर दुरुस्त होतात, अद्ययावत आवृत्ती आपोआप येते, आणि प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रियेत कोंडण्याची व्यवस्था संगणकावरच्या क्रोममध्ये २०१८ पासून आहे. बाहेरच्या चोरापासून क्रोम आपले रक्षण चांगलेच करतो. प्रश्न आहे तो घरमालकाचा. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे आणि त्रयस्थ कुकींची कहाणी त्या उत्पन्नाला सोडून वाचताच येत नाही. जानेवारी २०२० मध्ये गूगलने जाहीर केले की दोन वर्षांत क्रोममधून त्रयस्थ कुकी हद्दपार होतील. मग ती मुदत पुढे गेली, पुन्हा गेली, आणखी एकदा गेली. जुलै २०२४ मध्ये हा बेतच सोडून देण्यात आला आणि एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट झाले की वापरकर्त्याला विचारणारी वेगळी खिडकीसुद्धा येणार नाही. जाहिरातदार, स्पर्धा नियामक आणि प्रकाशक यांच्या कात्रीत गूगल सापडले होते हे खरे. तरी ज्या कुकी सफारी आणि फायरफॉक्स यांनी कितीतरी आधी आवरल्या, त्या जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये मूळ सेटिंगनुसार आजही चालू आहेत, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही.

त्याहून मला अधिक खटकतो तो एक्स्टेन्शनांच्या, म्हणजे ब्राउझरला जोडता येणाऱ्या छोट्या पूरक प्रोग्रॅमांच्या, नियमांतला बदल. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या नियमावलीत, पानाकडून निघालेली प्रत्येक विनंती थांबवून तपासण्याचा आणि तिचे काय करायचे हे स्वतः ठरवण्याचा अधिकार एक्स्टेन्शनकडून काढून घेण्यात आला. त्याऐवजी आधीच दिलेल्या नियमांची यादी ब्राउझर स्वतः लागू करतो. गूगलने कारण दिले ते सुरक्षिततेचे आणि वेगाचे, आणि ते सर्वस्वी खोटे नाही, कारण प्रत्येक विनंती पाहण्याचा अधिकार एखाद्या लबाड एक्स्टेन्शनच्या हाती गेला तर अनर्थ होतो. परिणाम मात्र असा झाला की ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे तुकडे, अडवणारे सर्वांत समर्थ साधन, युब्लॉक ओरिजिन, क्रोममध्ये २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद पडत गेले. त्याची ‘लाइट’ आवृत्ती नव्या नियमांत बसते आणि ती उपयुक्तही आहे, पण मूळ आवृत्तीचे सगळे सामर्थ्य तिच्यात येत नाही. क्रोम ठेवणे भागच असेल, उदाहरणार्थ कार्यालयाने सक्ती केली असेल, तर निदान त्रयस्थ कुकी सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्यात, लाइट आवृत्ती बसवावी आणि सिंकसाठी (वेगवेगळ्या यंत्रांवरची माहिती जुळती ठेवण्याच्या सोयीसाठी) स्वतःचा सांकेतिक वाक्यांश ठेवावा, म्हणजे सर्व्हरवर साठवलेली माहिती गूगललाही वाचता येणार नाही. स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या मर्जीने निवडायचे असेल तर मी क्रोम सुचवणार नाही.

फायरफॉक्सबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण माझी निवड तीच आहे आणि तिच्याविषयी तक्रारीही सर्वांत जास्त आहेत. मूळ सेटिंगनुसार ज्ञात ट्रॅकरांच्या कुकी अडवणे त्याने सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू केले. जून २०२२ पासून संगणकावरच्या सर्व वापरकर्त्यांसाठी आलेली ‘टोटल कुकी प्रोटेक्शन’ ही व्यवस्था मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. तिच्यात कुकी पूर्ण बंद होत नाहीत. प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र डबा असतो आणि त्या संकेतस्थळावर आलेल्या त्रयस्थाची कुकी त्याच डब्यात राहते. बातमीच्या पानावरच्या जाहिरात कंपनीला औषधांच्या पानावर आपली जुनी कुकी सापडत नाही. सरसकट बंदीने जी संकेतस्थळे मोडतात त्यांपैकी बहुतेक या पद्धतीत सुरळीत चालतात, आणि म्हणूनच ती मूळ सेटिंगमध्ये ठेवता आली. ज्या संरक्षणासाठी वापरकर्त्याला काहीच करावे लागत नाही, तेच बहुसंख्यांच्या कामी येते.

थोडे हातपाय हलवायची तयारी असेल तर फायरफॉक्स आणखी बराच पुढे जातो. सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या विभागात ‘स्टँडर्ड’च्या जागी ‘स्ट्रिक्ट’ निवडले की वर सांगितलेली दुव्यांमागची अक्षरमाळसुद्धा बऱ्याच ठिकाणी आपोआप कापली जाते. त्याच विभागात खाली ‘एचटीटीपीएस ओन्ली’ चालू करता येते आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला जाणाऱ्या वापराच्या नोंदी बंद करता येतात. नव्या टॅबवरचे प्रायोजित दुवे ‘होम’ विभागातून काढावे लागतात. आणि युब्लॉक ओरिजिन इथे अजून पूर्ण ताकदीने चालते, कारण मोझिलाने विनंत्या अडवण्याचा जुना अधिकार कायम ठेवला आहे. ते बसवल्यावर एखाद्या मोठ्या बातमीपत्राचे पान उघडून त्याच्या चिन्हावर क्लिक करावे; चिन्हावरचा आकडा पान वाचता वाचता वाढत जातो, आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत त्या एका पानाने कोणाकोणाशी बोलण्याचा प्रयत्न केला त्यांची यादी दिसते. त्या यादीतली बहुतेक नावे आपण आयुष्यात कधी ऐकलेली नसतात.

कडक सेटिंगची किंमत असते. कधी एखादा अर्ज शेवटच्या बटनापाशी अडून बसतो, कधी पैसे भरण्याची खिडकी कोरी राहते. एका संस्थेचा ऑनलाइन अर्ज माझ्याकडे कायम असाच अडत असे आणि मदतकक्षाचे उत्तर ठरलेले असे: क्रोम वापरा. उपाय त्याहून सोपा आहे. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला असलेल्या ढालीच्या चिन्हावर क्लिक करून फक्त त्या संकेतस्थळापुरते संरक्षण बंद करावे, काम उरकावे आणि पुन्हा चालू करावे. एका अर्जासाठी अख्खा ब्राउझर बदलण्याचे कारण नाही.

तक्रारी मात्र खऱ्या आहेत. मोझिला ही ना-नफा प्रतिष्ठानाच्या मालकीची संस्था असली तरी तिचे बहुतांश उत्पन्न गूगलला मूळ सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येते. म्हणजे पाळत ठेवण्याच्या धंद्यातून आलेल्या पैशावर त्या पाळतीविरुद्धचे सर्वांत मोठे स्वतंत्र इंजिन (पान पडद्यावर उभे करणारा ब्राउझरचा गाभा) चालते. जुलै २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती १२८ मध्ये जाहिरातींचा परिणाम मोजण्याची एक प्रायोगिक सोय वापरकर्त्याला न विचारता चालू ठेवण्यात आली. तिची रचना ओळख उघड न करण्याची होती, पण न विचारता चालू करणे हेच लोकांना झोंबले आणि युरोपातील नॉयब या खासगीपणाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने त्याविरुद्ध तक्रार दाखल केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या वापर-अटी जाहीर करताना, वापरकर्त्याची माहिती कधीही विकणार नाही या अर्थाचे जुने आश्वासन संकेतस्थळावरून काढले गेले. काही ठिकाणच्या कायद्यांत विक्रीची व्याख्या फार व्यापक आहे, असा खुलासा आला, अटींची भाषाही काही दिवसांत सौम्य झाली. पण विश्वासाच्या भांडवलावर चालणाऱ्या संस्थेने असे वाक्य गुपचूप काढावे हे मला अजूनही पटत नाही. एवढे असूनही मी फायरफॉक्स का ठेवतो? कारण हे सर्व निर्णय उघड स्रोतात दिसतात, त्यांच्यावर आरडाओरड होते आणि प्रत्येक नकोशी गोष्ट बंद करण्याची कळ सेटिंगमध्ये सापडते. शिवाय क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या पायावर, न चालणारे, सर्व प्रमुख संगणक प्रणालींवर उपलब्ध असलेले मोठे इंजिन आता फायरफॉक्सचे गेको हे एकच उरले आहे, आणि वेबचे नियम एकाच कंपनीने ठरवू नयेत असे मला वाटते.

ज्याला सेटिंगमध्ये शिरायचेच नाही, त्याला मी ब्रेव्ह सुचवतो. जावास्क्रिप्टचे जनक आणि मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक असलेले ब्रेंडन आइक यांनी ब्रायन बाँडी यांच्यासह २०१५ मध्ये ही कंपनी स्थापन केली, आणि १.० आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मध्ये आली. पाया क्रोमियमचाच असल्यामुळे क्रोमवर चालणारी संकेतस्थळे इथे चालतात. जाहिराती आणि ट्रॅकर अडवण्याचे काम एक्स्टेन्शनकडे न देता ब्राउझरच्या आतच केलेले आहे, म्हणून मॅनिफेस्ट व्ही३ चा फटका त्याला बसला नाही. फिंगरप्रिंटिंगविरुद्धची त्याची युक्तीही चतुर आहे: विचारलेल्या गुणांच्या उत्तरात तो प्रत्येक संकेतस्थळासाठी आणि प्रत्येक सत्रासाठी किंचित वेगळा फरक मिसळतो, त्यामुळे आज जमवलेला ठसा उद्या किंवा शेजारच्या संकेतस्थळावर जुळत नाही. मालकाला काय कळवतो या प्रश्नावरही त्याचे उत्तर चांगले आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डग्लस लीथ यांनी २०२० मध्ये सहा ब्राउझर मूळ सेटिंगसह सुरू करून ते स्वतःहून कोणाशी काय बोलतात हे तपासले, तेव्हा ब्रेव्ह सर्वांत पुढे होता. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी मधल्या गटात, तर मायक्रोसॉफ्टचा एज आणि रशियातला यांडेक्स सर्वांत मागे, कारण ते यंत्राशी बांधलेली, सहज न बदलणारी ओळख पाठवत होते. त्या अभ्यासाला काळ लोटला असून ब्राउझर बदलले आहेत, तरी तपासण्याची रीत आजही तीच योग्य आहे. मधल्या गटाच्या बाबतीत त्याने दाखवलेली एक बाब तर कोणीही आपल्या ब्राउझरमध्ये दुरुस्त करू शकतो: ॲड्रेस बारमध्ये टाइप केलेली अक्षरे सूचना मिळवण्यासाठी टाइप होता होताच सर्व्हरकडे जातात. एंटर दाबण्यापूर्वी खोडलेला शब्दसुद्धा गेलेला असू शकतो. सर्च सजेशन बंद केले की हे थांबते.

ब्रेव्हबाबत माझे मन कचरते ते त्याच्या धंद्यामुळे. स्वतःच्या जाहिराती, बीएटी हे क्रिप्टो टोकन, वॉलेट, व्हीपीएन, कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक, अशा अनेक गोष्टी मेनूत गर्दी करून बसलेल्या आहेत. जाहिराती पाहून टोकन मिळवण्याची योजना आपण होऊन चालू करावी लागते, हे ठीक. पण जून २०२० मध्ये उघड झाले की वापरकर्त्याने एका क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप केला की ब्राउझर तो स्वतःच्या दलालीच्या सांकेतिक क्रमांकासह पूर्ण करत होता. कोणाची माहिती त्यातून फुटली नाही आणि आइक यांनी चूक मान्य करून ते काढून टाकले. तरीही ॲड्रेस बारमध्ये मी लिहिलेल्या पत्त्यात ब्राउझरने आपल्या कमाईसाठी भर घालावी, हे कुंपणानेच शेत खाण्यासारखे होते. बसवल्यानंतर अर्धा तास खर्चून या जादा गोष्टी लपवल्या, तर उरणारा ब्राउझर उत्तम आहे, आणि सेटिंगला हात न लावता मिळणाऱ्या संरक्षणात तो फायरफॉक्सच्या पुढे आहे हे मान्य केलेच पाहिजे.

सफारीचे थोडक्यात सांगता येईल. ॲपलच्या यंत्रांवर तो आधीपासून असतो, २०१७ पासून ट्रॅकरांना आवर घालतो आणि मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी सरसकट अडवतो. मोठ्या ब्राउझरांत हे पाऊल आधी उचलण्याचा मान त्याचाच. ॲपलचा नफा मुख्यतः यंत्रांतून आणि सेवांतून येतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर तो निर्धास्त वाटतो. पण अमेरिकेतील मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आले की सफारीत मूळ सर्च इंजिन राहण्यासाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. तेव्हा सफारी वापरणाऱ्याने सर्च इंजिन तरी बदलावे. ॲपलबाहेरच्या यंत्रांवर तो मिळतच नाही, आणि ज्यांच्या घरात एक यंत्र ॲपलचे व दुसरे दुसऱ्याचे आहे त्यांना तो गैरसोयीचा पडतो.

टॉर ब्राउझर या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. इतर ब्राउझर पाठलाग करणाऱ्याला अडवतात. टॉर सर्वांना एकसारखे दिसायला लावतो. फायरफॉक्सच्या दीर्घकालीन आवृत्तीवर तो बांधलेला आहे आणि त्याची वाहतूक तीन टप्प्यांतून जाते: पहिल्या टप्प्याला आपण कोण हे कळते पण कुठे चाललो हे कळत नाही, शेवटच्याला कुठे चाललो हे कळते पण कोण हे कळत नाही. खिडकी मोठी करून पाहिली की पानाच्या कडेने कोरी चौकट उरते. ती बिघाड नसते. पानाला खिडकीचे नेमके माप कळू नये म्हणून ते ठरावीक आकड्यांपर्यंत खाली आणलेले असते, आणि उरलेली जागा मोकळी दिसते. त्यामुळेच टॉरमध्ये वेगळे एक्स्टेन्शन बसवू नये. गर्दीत सगळ्यांसारखा पोशाख घालून उभे राहण्यात जो फायदा आहे, तो टोपी वेगळी घातली की जातो. तो मंद आहे, बरीच संकेतस्थळे त्याला दारातच कोडी सोडवायला लावतात, आणि त्यातून आपल्या नेहमीच्या नावाच्या खात्यात प्रवेश केला तर केलेले सगळे कष्ट वाया जातात. पत्रकार, त्यांचे गुप्त स्रोत, दडपशाहीखाली राहणारी माणसे, किंवा नाव जोडले जाऊ नये अशा विषयाची माहिती शोधणारा कोणीही, यांच्यासाठी मात्र त्याला पर्याय नाही. फिंगरप्रिंटिंगपासूनचे तेच संरक्षण हवे पण टॉरचे जाळे नको, तर टॉर प्रोजेक्ट आणि मुल्वाड ही व्हीपीएन कंपनी यांनी मिळून एप्रिल २०२३ मध्ये आणलेला मुल्वाड ब्राउझर पाहावा. तो बंद केला की सगळे विसरतो, त्यामुळे रोजच्या खात्यांसाठी तो त्रासदायक आणि एकेकट्या शोधांसाठी छान आहे.

बाकीच्यांसाठी फार जागा खर्च करण्याचे कारण दिसत नाही. लिब्रेवुल्फ म्हणजे मोझिलाकडे जाणाऱ्या नोंदी काढून, युब्लॉक ओरिजिन आधीच बसवून स्वयंसेवकांनी बांधलेला फायरफॉक्स. जाणकाराला तो आवडेल, पण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मूळ फायरफॉक्सनंतर येणार हे लक्षात ठेवून अद्ययावत आवृत्तीकडे डोळा ठेवावा लागतो. व्हिवाल्डी हौशी माणसाचा ब्राउझर आहे, ट्रॅकर अडवतो, मात्र त्याच्या दर्शनी भागाचा स्रोत पूर्णपणे खुला नाही. डकडकगोचा ब्राउझर साधा आणि सुटसुटीत आहे. मे २०२२ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले की सर्च करारापायी तो इतर संकेतस्थळांवरचे मायक्रोसॉफ्टचे काही ट्रॅकर सोडून देत होता, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने तेही अडवायला सुरुवात केली. एज चपळ आहे, पण खासगीपणासाठी निवडावा असे त्यात मला काही सापडले नाही.

निवड झाल्यावर दोन गोष्टींत हात आखडता घ्यावा. पहिली, एक्स्टेन्शन. पाच-सहा खासगीपणाची एक्स्टेन्शने एकावर एक चढवण्याने संरक्षण वाढत नाही, उलट ठसा अधिक वेगळा होतो आणि तितक्या अनोळखी लोकांच्या हाती आपली सर्व पाने जातात. युब्लॉक ओरिजिन एकटे पुरे. दुसरी, एकाच ब्राउझरमध्ये सगळे कोंबण्याची सवय. मी फायरफॉक्समध्ये ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे मोझिलाचेच एक्स्टेन्शन वापरतो. बँकेचे, कामाचे आणि समाजमाध्यमांचे टॅब वेगवेगळ्या रंगांच्या रेघा घेऊन एकाच खिडकीत उघडतात आणि एकाच्या कुकी दुसऱ्याला दिसत नाहीत. ज्यांना ही कसरत नको, त्यांनी एक ब्राउझर खात्यांसाठी आणि दुसरा नुसत्या वाचनासाठी ठेवला तरी तितकेच काम होते.

फोनवर चित्र बदलते. ॲन्ड्रॉइडवर फायरफॉक्स बसवला तर युब्लॉक ओरिजिन तिथेही चालते, आणि एवढ्या एका कारणासाठी मी तोच सुचवीन. ब्रेव्ह तिथे दुसऱ्या क्रमांकावर, आणि सांगूनही सेटिंगला हात न लावणाऱ्यासाठी पहिल्या. आयफोनवर मात्र युरोपीय संघ सोडला तर बहुतेक ठिकाणी नाव काहीही असले तरी आतले इंजिन ॲपलचे वेबकिटच असते, म्हणून ब्राउझर बदलून फार काही हाती लागत नाही. सफारी ठेवून त्यात युब्लॉक ओरिजिन लाइट बसवावे, ते २०२५ पासून तिथे उपलब्ध आहे. दोन्ही फोनांवर एक गोष्ट सारखी आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समाजमाध्यमाच्या ॲपमधल्या दुव्यावर बोट ठेवले की पान आपण निवडलेल्या ब्राउझरमध्ये न उघडता त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि फेलिक्स क्राउस यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवल्याप्रमाणे इन्स्टाग्राम आणि टिकटॉकसारखी ॲप अशा पानांत स्वतःचा जावास्क्रिप्ट घुसवत होती. तिथे ना आपली ढाल असते, ना कुकींचे डबे, ना एक्स्टेन्शन. वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांना स्पर्श करून ‘बाह्य ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय निवडावा, किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये तशी सोय असेल तर ती कायमची चालू करून ठेवावी.